चतुःसीमा

सोल्वेझीहून निघताना साहेबांनी बजावलं,
दिवसाला बारा प्लॉट. बारा म्हणजे बारा.
शुक्रवारी लुसाकाहून माणसं येणार, फोटो काढणार.
मी मोजणीदार. साखळी धरायला कापालू,
लोखंडी खुंटांचं पोतं, जिल्ह्याची जीप,
आणि पुढच्या सीटवर, काठी मांडीवर आडवी घेऊन,
सरदाराच्या गादीकडून आलेले साकवुंडा.
रान त्यांचं. सरकारनं मागितलं, त्यांनी दिलं.
पण कुठल्या झाडाला हात लावायचा नाही
ते खिडकीतून दाखवत होते, वाटभर.

रस्ता प्रांताचा, असं जिल्हा म्हणतो.
जिल्ह्याचा, असं प्रांत म्हणतो.
मधल्या ओढ्यावर पूल नाही.
आम्ही चाकांखाली फांद्या घातल्या.

त्र्याण्णव नंबरला न्यासोम्बो
कसावाच्या काड्यांच्या मोळीवर बसलेली.
चार पत्रे, पायाला दोरी बांधलेली कोंबडी,
आणि एक नातू, ज्याला अंगोला
फक्त रेडिओवर माहीत.
फॉर्ममध्ये रकाना होता : दर्जा.
मी लिहिलं : माजी निर्वासित.
तिनं मोठ्यानं वाचायला लावलं.
माजी म्हणजे काय रे?
म्हटलं, आधी होता, आता नाही. जसा माजी मंत्री.
ती हसली, हिरड्या दिसेपर्यंत.
मंत्र्याला निदान कळतं,
कुठल्या दिवसापासून.

चाळीस वर्षं जुन्या छावणीत राहिली.
नवऱ्याची माती तिथेच, पंपामागे.
दोन वर्षांचा कसावाही तिथेच, जमिनीत,
काढायचा राहिलेला.
हे कुठे लिहू? शेऱ्याचा रकाना
माझ्या अंगठ्याएवढा.
मी लिहिलं : काही नाही.

पहिला खुंट बसला. दुसरा बसला.
तिसरा यंत्रानं सांगितला
तो नेमका वारुळाच्या पोटात.
वारूळ म्हणजे घरापेक्षा उंच, माथ्यावर झाड उगवलेलं.
कापालूनं घण घातला. खुंट वाकला.
हद्द इथूनच जाते, मी म्हटलं,
अर्धं वारूळ हिचं, अर्धं राखीव रानाचं.
वाळवीला सांगितलंस का, म्हातारी म्हणाली.

तेव्हा साकवुंडा जीपमधून उतरले, दिवसात पहिल्यांदा.
तिला विचारलं, आई कुठली तुझी?
तिनं एका नदीचं नाव घेतलं.
आईची आई?
पुन्हा तीच नदी, जरा वरच्या अंगाला.
पुढचं लुवाले बोलणं इतकं भराभर
की मला अर्धंच कळलं.
आज्या, मासे, एक बुडालेली होडी,
आणि सीमा, जी तेव्हा
कुणी पाण्यावर ओढलेली नव्हती.
कोंबडी दोरीला गोल गोल फिरत राहिली.

मग म्हाताऱ्यानं वाकडा खुंट उपटला,
काठीनं पावलं मोजत वारुळाला वळसा घातला,
आणि पलीकडे, रानाच्या बाजूला,
स्वतःच्या हातानं रोवला.
वारुळाच्या मातीत भोपळा चांगला येतो,
ते कुणालाच उद्देशून बोलले नाहीत.
मी त्या वेळी पेन्सिलीला टोक काढत होतो.
कापालू लघवीला गेला होता.

खाली सही करणार प्रमाणित करतो की
पूर्वेस प्लॉट चौऱ्याण्णव, अद्याप रिकामा.
दक्षिणेस नियोजित रस्ता.
पश्चिमेस कोरडा नाला.
उत्तरेस
इथे मी थांबलो. मग लिहिलं, राखीव रान,
आणि आकडे यंत्राचे नाही, काठीचे घातले.

अंगठा घ्यायला वळलो तर ती जागेवर नव्हती.
खुंटाच्या आत, वारुळाच्या सावलीत,
कसावाच्या काड्या तिरक्या खोचत चालली होती,
नातू मागून पायानं माती दाबत.
शाई वाळून गेली. पुन्हा पाणी घातलं.

त्या दिवशी पाच प्लॉट झाले.
साहेबांना सांगितलं, ओढ्याला पाणी होतं.
होतंच.